एका बर्थचे भाडे सांगा

मुरलीपुरा, जयपूर

प्रति,
भारतीय बंदरांतून क्रूझ सहली चालवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक यांस,



1902 साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह (दुसरे) सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच होता. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो आणि न जावे तर सम्राट रुसतो. तोड निघाली ती राजेशाही. ‘ऑलिंपिया’ नावाची आगबोट अख्खी भाड्याने घेतली गेली, आणि तीही जिच्यावर गोमांस शिजलेले नाही अशी. गंगाजल नेण्यासाठी चांदीचे अजस्र घडे घडवले. एकेका घड्याचे वजन सुमारे 345 किलो आणि पोटात चार हजार लिटरहून अधिक पाणी. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये हे घडे आजही पर्यटकांना तोंडात बोट घालायला लावतात. गोपालजींची मूर्तीही महाराजांबरोबर बोटीवर चढली. तिजोरी त्यांची, धर्मभय त्यांचे, तेव्हा साऱ्या बोटीचे भाडे मोजले यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

त्याच जयपुरातून हे पत्र येत आहे. ते लिहिणाऱ्या निवृत्त बाईंना अख्खी बोट नको आहे. अख्खी खोलीही नको आहे. त्यांना एक बर्थ पाहिजे, आणि तो आपण विकत नाही.

मुरलीपुरा म्हणजे जयपूरच्या वायव्येला, सीकर रोडलगतची वस्ती. एका बाजूला विद्याधर नगर, दुसऱ्या बाजूला विश्वकर्मा औद्योगिक वसाहत. बँक, विमा, रेल्वे, कारखाने अशा नोकऱ्यांच्या बदल्यांनी मराठी कुटुंबे जयपुरात आली आणि त्यातली काही इथलीच होऊन राहिली. मुले पुढे पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात गेली. घरात उरले दोघे, आणि कालांतराने पुष्कळ घरांत एकच. अशा घरांतल्या माणसांकडे निवृत्तिवेतन असते, वेळ असतो, गुडघे अजून बरे असतात आणि समुद्राची ओढ तर असतेच, कारण राजस्थानला किनारा नाही. खारे पाणी पाहायचे तर सांभर सरोवर गाठायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळू लागला की वर्तमानपत्रातली क्रूझची जाहिरात नुसती पाहूनच डोळ्यांना गार वाटते.

आता या प्रवाशाचा रस्ता पाहा. जयपूर–मुंबई सुपरफास्ट दुपारी जयपूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई सेंट्रलला उतरवते. तिच्यात एका माणसाला एक बर्थ मिळतो, एका बर्थच्या पैशात. समोरच्या बर्थवर कोटाचा विद्यार्थी असेल, रतलामचा व्यापारी असेल किंवा कोणीच नसेल. त्याने भाड्यात एका पैशाचा फरक पडत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न रेल्वेची यंत्रणा आपणहून करते. ज्येष्ठांची भाडेसवलत 2020 मध्ये गेली ती परत आली नाही, हे खरे. पण रेल्वेने कधी कोणाला ‘तुम्ही एकटे आहात, म्हणून समोरच्या रिकाम्या बर्थचेही पैसे द्या’ असे सांगितलेले नाही. मुंबई सेंट्रलहून टॅक्सीने बॅलार्ड पिअर गाठले की मात्र तोच प्रवासी, तीच बॅग आणि तेच आधारकार्ड असूनही हिशेब बदलतो. बंदराच्या फाटकाआत एक माणूस म्हणजे दोन माणसे.

वाचकांसाठी हा हिशेब उलगडून सांगायला हवा, कारण जाहिरातीत तो कधीच उलगडलेला नसतो. समजा, दर लिहिला आहे ‘माणशी 25,000 रुपयांपासून’. (आकडा केवळ उदाहरणापुरता.) या ‘माणशी’च्या पोटात एक न लिहिलेली अट आहे, की खोलीत दोन माणसे राहतील. खोलीची किंमत खरे तर 50,000 आहे आणि ती दोघांत वाटून दाखवली आहे. एकटा माणूस आला की खोलीची किंमत तीच राहते, वाटून घ्यायला कोणी नसते. जगभरच्या जहाजांवर याला ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. त्याने भाडे दीडपट ते दुपटीपर्यंत जाते आणि पुष्कळदा थेट दुप्पटच. त्या पैशात दुसऱ्या माणसाचे जेवण येत नाही, दुसऱ्याचा शोही नाही. लाइफजॅकेट, लाइफबोटीतली जागा, धोक्याच्या सूचनेवेळची हजेरी, हे सगळे जहाजावर माणशी मोजले जाते. जीव वाचवायचा असतो तेव्हा प्रवासी एक असतो, पैसे घ्यायचे असतात तेव्हा दोन.

आपली बाजू पत्रलेखिकेला ठाऊक नाही असे नाही. आयुष्य बँकेच्या खिडकीमागे गेलेल्या माणसाला ताळेबंद वाचता येतो. क्रूझ कंपनीचा नफा नुसत्या तिकिटावर उभा नसतो. बार, कॅसिनो, स्पा, फोटो, बंदरावरच्या सहली यांवरचा खर्च माणसागणिक होतो, आणि खोलीत एकच माणूस असेल तर ती कमाई अर्धी होते. म्हणूनच तुमच्या धंद्यात एका खोलीत दोन माणसे म्हणजे शंभर टक्के भरलेले जहाज असे मानतात. 13 जानेवारी 2023 ला वाराणसीहून निघालेल्या ‘गंगा विलास’चे वर्णनही आठवावे: 18 सूट, 36 प्रवासी. जहाज पाण्यात उतरण्याआधीच त्यावरची माणसे जोडीने मोजून झाली होती.

तर मग तक्रार कशाची? खोली अडवल्याचे पैसे मागता याची नाही. तक्रार अशी की, खोली न अडवता जाण्याची वाटच आपण ठेवलेली नाही. आणि ही वाट या देशात नवी नाही.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून अंदमानला जाणारी सरकारी जहाजे आजही बर्थ विकतात. चेन्नईहून जायला अडीच-तीन दिवस लागतात. परवडेल त्याने केबिन घ्यावी, नाहीतर बंकमध्ये आडवे व्हावे. दोन्हीकडे तिकीट माणशी. कोचीहून सुटणाऱ्या लक्षद्वीपच्या ‘समुद्रम’ सहलीत ‘एमव्ही कवरत्ती’ जहाजावर डायमंड आणि गोल्ड असे वर्ग आहेत आणि दर माणशी आहे. कोकणच्या आगबोटी तर मराठी माणसाला सांगायला नकोत. भाऊच्या धक्क्यावरून वळकटी घेऊन चढायचे, डेकवर जागा धरायची आणि रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत गाठोड्याला टेकून जायचे. विधवा आत्या, नोकरीसाठी मुंबईत राहिलेला एकटा भाऊ, सगळे त्याच डेकवर. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘तेव्हाचेच बरे होते’ असे म्हणायला जीभ धजावत नाही. पण एकटे माणूस म्हणजे अर्धे गिऱ्हाईक, असे त्या बोटींना कधी वाटले नाही.

जुने राहू द्या. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. तिच्या उद्घाटनातल्या एका सेल्फीची चर्चा महाराष्ट्रभर झाली, बोटीच्या आतल्या मांडणीची फारशी कोणी केली नाही. त्या बोटीवर जोडप्यांच्या आणि कुटुंबाच्या खोल्या होत्या, तशीच डॉर्मिटरी होती आणि पॉडही होते, म्हणजे एका माणसापुरते निजायचे कप्पे. एकट्याने पॉड घ्यावा, रात्री डेकवर वारा खावा, सकाळी गोव्यात उतरावे. ती सेवा फार टिकली नाही. तिच्या मागोमाग एप्रिल 2019 मध्ये थाटात आलेली ‘कर्णिका’ही 2020 च्या कोरोना संकटात गेली आणि अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. धंदा सोपा नाही, हे मान्य. तरीही माणशी बर्थ विकणारे जहाज याच मुंबईतून, याच दशकभरात चालून गेले आहे.

परदेशी कंपन्या काय करतात हे आपल्याला या पत्रातून कळावे अशी स्थिती नसणार. तरी नोंद असावी म्हणून: 2010 मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ जहाज आले ते एकट्यांसाठी 128 ‘स्टुडिओ’ खोल्या घेऊन. खोली जेमतेम शंभर चौरस फुटांची, समुद्राकडे खिडकी नाही, पण भाडे एकाचेच, आणि स्टुडिओवाल्यांना गप्पा मारायला वेगळे दालन. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘पी अँड ओ’ने ‘अझुरा’वर 18 एकेरी खोल्या दिल्या. 2016 च्या दुरुस्तीत ‘क्वीन मेरी 2’वर 15 एकेरी खोल्या बांधल्या गेल्या. पन्नाशीपुढच्यांसाठी चालणाऱ्या ‘सागा’ कंपनीने 2019 मध्ये ‘स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी’ उतरवले, त्यात एकट्यांसाठीच्या 109 खोल्या आणि प्रत्येकीला सज्जा. 2023 च्या अखेरीस ‘नॉर्वेजियन’ने तर सगळ्या ताफ्यात मिळून सुमारे हजार एकेरी खोल्या जाहीर केल्या. यातली एकही कंपनी धर्मादाय संस्था नाही. एकट्यांच्या खोल्या विकल्या जातात, म्हणून त्या वाढत आहेत.

भारतातल्या अडचणीही पाहिल्या पाहिजेत. मुंबईहून सप्टेंबर 2021 पासून फिरणारे कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 मध्ये फ्रान्सच्या सँ-नाझेर येथे बांधले गेले ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून, मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी. त्यातल्या भिंती आज सरकवता येणार नाहीत आणि तशी मागणीही नाही. पण ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ ही दोन जहाजे कॉर्डेलियाकडे येणार असल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले आहे. एकट्यांच्या खोल्यांची कल्पना ज्या ताफ्याने रुजवली, त्याच ताफ्यातून ती येत आहेत. भारतात आल्यावर त्यातल्या एकेरी खोल्या जोडप्यांच्या दराने विकू नयेत, एवढी एक विनंती त्या कंपनीला आतापासून करून ठेवावीशी वाटते.

आता आपल्या एजंटांविषयी. एकटी बाई चौकशीला गेली की पहिला प्रश्न ‘मॅडम, सोबत कोण?’ दुसरा, ‘मिस्टर येणार नाहीत का?’ तिसरा, थोड्या दबक्या आवाजात, ‘घरी विचारलंय ना?’ पासष्टीच्या बाईला घरी विचारायला सांगणारा मुलगा तिच्या नातवाच्या वयाचा असतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, हेही खरे. त्याला शिकवलेलेच तेवढे आहे. त्याच्या अर्जात ‘प्रवासी 1’ आणि ‘प्रवासी 2’ अशा दोनच चौकटी आहेत, दुसरी रिकामी ठेवली की पुढचे पान उघडत नाही. एका ओळखीच्या विधुर गृहस्थांचा अनुभव याहून वाईट. ‘एकट्या पुरुषाला खोली मिळेल की नाही, विचारून सांगतो,’ असे म्हणून गेलेला माणूस परत आलाच नाही. मद्यपी टोळक्यांच्या भीतीने एकट्या पुरुषांकडे संशयाने पाहिले जात असेल, तर तसा नियम लिहून जाहीर करावा. सत्तरीतला विधुर आणि विशीतले टोळके यांत फरक करता येणे फार अवघड नसावे.

हा ‘एकटी कशी?’ प्रश्न आपल्याकडे जुना आहे. फेब्रुवारी 1883 मध्ये आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात भाषण केले आणि डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला जाण्याबद्दल लोक विचारत होते त्या प्रश्नांना एकेक करून उत्तरे दिली. एकट्याच जाणार का, हा त्यातलाच एक. त्यानंतर काही आठवड्यांनी, 7 एप्रिलला, अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीशिवाय, काही परदेशी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. आजच्या आजीबाईंना डॉक्टर व्हायचे नाही, गोव्यापर्यंत जाऊन यायचे आहे. बंदरावरच्या काउंटरवर त्यांना भाषण द्यावे लागू नये.

आणि हे गिऱ्हाईक थोडे नाही. 2011 च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकट्या स्त्रिया सात कोटींहून अधिक होत्या. त्या सगळ्या क्रूझवर येणार नाहीत हे उघड आहे. पण भूमीवरच्या सहल कंपन्यांना या वर्गाचा अंदाज फार आधी आला. ‘केसरी’ची ‘माय फेअर लेडी’, 2013 मध्ये स्थापन झालेल्या ‘वीणा वर्ल्ड’च्या ‘वुमन्स स्पेशल’ सहली, यांतून हजारो मराठी बायका नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय हिंडल्या. तिथली रीत अगदी साधी: एकट्या आलेल्या दोघींना संमतीने एक खोली द्यायची. पहिल्या रात्री दिवा कधी मालवायचा यावर तह होतो, तिसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरण्यांची अदलाबदल आणि पुढल्या वर्षी दोघी मिळून पैसे भरतात. घोरण्याचा प्रश्न कोणत्याच कंपनीला सुटलेला नाही; तो वैवाहिक जीवनातही सुटत नाही.

जहाजावर हेच करता येईल. बुकिंगच्या वेळी ‘माझ्याच लिंगाच्या दुसऱ्या एकट्या प्रवाशाबरोबर खोली वाटून घ्यायला तयार आहे’ असा पर्याय द्यावा. वयोगट, शाकाहार, झोपेची वेळ असे चार प्रश्न विचारावेत. जोडीदार मिळाला नाही तर काय, हे आधी सांगावे. खोली एकट्याला पडली तर तो भार कंपनीचा की प्रवाशाचा, याचे उत्तर पावतीवर छापावे. ज्याला खोली वाटायची नाही त्याच्याकडून जास्त पैसे घ्या, हरकत नाही. पण जहाज सुटायला आठवडा उरला असताना ज्या खोल्या रिकाम्याच जाणार आहेत, त्या तरी एकट्यांना सव्वापटीत द्या. रिकामी खोली गोव्याला जाऊन आली तर तिच्यातून चहाचेही पैसे निघत नाहीत. आणि दुप्पट घेणारच असाल तर दुप्पट घेतल्याचे काही दाखवा. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीत खोलीत एकटा राहणाऱ्याला सदस्यत्वाचे गुण रात्रीमागे जास्त मिळतात. आपल्याकडे दोन माणसांचे पैसे भरणाऱ्याला साधी खिडकीजवळची खुर्चीही मिळत नाही.

खुर्चीवरून आठवले. एकट्याला जेवणघरात नेऊन बसवतात ते बहुधा खांबामागे किंवा स्वयंपाकघराच्या दारापाशी, कारण चांगली टेबले चौघांची. त्यावर उपाय फुकटचा आहे: रोज रात्री आठ जणांचे एक टेबल एकट्यांसाठी राखून ठेवणे. ‘क्वीन मेरी 2’वर एकट्या बायकांबरोबर नाचायला पुरुष जोडीदार नेमलेले असतात. मुरलीपुऱ्याच्या बाईंना तेवढे नको, डाळ वाढून घेताना बोलायला कोणी असले की पुरे. बंदरावरच्या सहलींनाही ‘किमान दोन व्यक्ती’ ही अट असते. तीन एकट्यांना एका गाडीत बसवण्यासाठी कोणाची परवानगी लागते, हे समजलेले नाही.

एक शब्द सरकारलाही. 30 सप्टेंबर 2024 ला ‘क्रूझ भारत मिशन’ मुंबई बंदरात, ‘एम्प्रेस’ जहाजावरूनच, जाहीर झाले. 2029 पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर 2025 मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय सांगितली गेली. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजांनी एका माणसाचे एकूण भाडे जाहिरातीत छापावे, एवढी अट बंदर मंत्रालयाला घालता येईल. राजस्थानच्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’च्या आणि महाराष्ट्राच्या ‘डेक्कन ओडिसी’च्या दरपत्रकांत एकट्याचा दर वेगळा छापलेला असतो. तो महाग आहे, डोळे पांढरे करणारा आहे, पण छापलेला आहे. नाही परवडले तर माणूस पान उलटतो. चौथ्या पानावर, नाव, पत्ता आणि कार्डाचा क्रमांक भरून झाल्यावर, फसल्यासारखे त्याला वाटत नाही.

मुंबईचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. तोवर सगळे बदल होणार नाहीत, याची कल्पना आहे. म्हणून येत्या हंगामापुरत्या दोनच गोष्टी कराव्यात. ‘प्रवासी: 1’ निवडले की पहिल्याच पानावर शेवटची रक्कम दिसावी, आणि खोली वाटून घेण्याचा पर्याय किमान एका फेरीवर तरी देऊन पाहावा. आपला निर्णय काहीही असो, तो वर्तमानपत्रातून जाहीर कळवावा, कारण हा प्रश्न एकट्या मुरलीपुऱ्याचा नाही.



आपली,
पैसे तयार ठेवून बसलेली एक प्रवासी
मुरलीपुरा, जयपूर